घर देताना नाव विचारू नये

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



आपल्याकडे घराचा विषय निघाला की बोलणे दोनच ठिकाणी जाते. एक दिल्लीची योजना, दुसरा बिल्डर. नगरपालिका आठवते ती नळ आणि गटारापुरती. मला आज एवढेच सांगायचे आहे की गरिबाला घर मिळणार का, आणि मिळाले तर कोणाच्या शेजारी, यातले बरेच काही नगरपालिकेतच ठरते.

युरोपातल्या व्हिएन्ना शहराचे उदाहरण घेऊ. पहिल्या महायुद्धात हरलेल्या देशाची ही राजधानी. तिजोरी रिकामी होती आणि कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहत होते. १९२३ साली शहराने घरबांधणीसाठी वेगळा कर लावला. लहान घराला नाममात्र, हवेलीला भरपूर. त्या पैशातून सुमारे दहा वर्षांत साठ हजारांहून जास्त घरे उभी राहिली. घर कोणाला द्यायचे ते गरज पाहून, गुण देऊन ठरवले जाई. ही घरे अमुक वर्षी घरबांधणी करातून बांधली, असे इमारतींवर लिहिलेले आजही वाचता येते. आज त्या शहराच्या मालकीची दोन लाखांहून अधिक घरे आहेत.

इथे एक फरक लक्षात घ्या. व्हिएन्नाला १९२२ पासून प्रांताचा दर्जा होता, म्हणून तिला स्वतःचा कर बसवता आला. आपल्याकडे ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत झोपडपट्टी सुधारणा आणि नागरी दारिद्र्य निर्मूलन ही कामे आहेत. पण ही कामे सोपवायची की नाही, हे राज्याच्या हाती ठेवले. कामे आली तरी पैसा आणि अधिकार त्या प्रमाणात आले नाहीत. मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तर तिथे अनेक वर्षे प्रशासकच होते. तक्रार घेऊन जायला नगरसेवकही नव्हता.

तरीही नगरपालिकेच्या हातात आज जे आहे, ते कमी नाही.

पहिली गोष्ट, यादी. प्रधानमंत्री आवास योजनेत घराची गरज कोणाला आहे, याची पाहणी स्थानिक संस्था करते. स्वतःच्या जागेवर घर बांधायचे असेल तर जागेची मालकी दाखवावी लागते. जुन्या वस्तीत जागा आजोबांच्या नावावर असते, वारसनोंद झालेली नसते. माणूस घरपट्टीची पावती पुढे करतो, पण ती पावती म्हणजे मालकी नव्हे. अर्ज तिथेच अडतो. म्हणून वारसनोंदीची शिबिरे आधी घ्या, अर्ज नंतर भरा.

दुसरी गोष्ट, जमीन. १९६६ च्या नगररचना कायद्याखाली शहराचा विकास आराखडा स्थानिक संस्था तयार करते. त्यात दुर्बल घटकांच्या घरांसाठी आरक्षण ठेवता येते. आराखडा जाहीर झाला की हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते. त्या मुदतीत बिल्डरांचे लोक हजर असतात. आपण कुठे असतो?

तिसरी गोष्ट, वाटप. भाड्याचे घर शोधताना आडनाव सांगितले की दलालाचा सूर बदलतो, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगायला नको. सरकारी सोडतीत चिठ्ठीला धर्म नसतो. म्हणून सार्वजनिक घरे ही आपल्यासाठी मेहेरबानी नाही, ती समान नागरिकत्वाची गोष्ट आहे.

पण सोडतीवर काम संपत नाही. वडोदऱ्यात महापालिकेने बांधलेल्या वसाहतीत एका मुस्लिम महिलेला रीतसर घर मिळाले. तिथल्या काही रहिवाशांनी त्याला विरोध केला, वाटप रद्द करा म्हणून निवेदने दिली. २०२४ साली ही बातमी देशभर गाजली. घर देणाऱ्या संस्थेनेच अशा वेळी ठाम उभे राहायला हवे. ताबा मिळेपर्यंत आणि कुटुंब निर्धास्त राहू लागेपर्यंत जबाबदारी तिची आहे.

आणि आपणही एक मोह टाळू या. ‘आमच्यासाठी आमच्याच मोहल्ल्यात वेगळी वसाहत द्या’ ही मागणी सोपी वाटते, पण ती भिंत आणखी उंच करते. आपली मागणी सर्व गरिबांच्या घरांची असावी. दलित, भटके, परित्यक्ता, सफाई कामगार, सगळे एकाच यादीत आणि एकाच जिन्यावर.

तेव्हा मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला तीन प्रश्न विचारा. प्रभागातल्या बेघरांची यादी कुठे आहे? आराखड्यात गरिबांच्या घरांसाठी कोणती जागा राखली आहे? आणि सोडतीत लागलेल्या घराचा ताबा कोणी अडवला, तर तुम्ही कोणाच्या बाजूने उभे राहाल?

उत्तरे लिहून घ्या. पाच वर्षे ती जपून ठेवा.