मांडी घालून बसणारा गुडघा

आपल्या बीडच्या ऊसतोड कामगारांचे गुडघे काय सोसतात, ते फडातच पाहावं. दिवसभर वाकून कोयता चालवायचा, मग मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचं. आणि कोपीवर आलं की जेवायला पुन्हा मांडी घालायची.

गुडघा बिजागरीसारखा दिसतो, पण तसा तो नाही. मांडीचं हाड नडगीवर एकाच वेळी घरंगळतं आणि घसरतं. पाय दुमडताना त्याची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा जास्त मागे सरकते, त्यामुळे नडगी किंचित वळते. झिजलेल्या गुडघ्यात बसवले जाणारे सुरुवातीचे कृत्रिम सांधे मात्र निव्वळ बिजागऱ्या होत्या. ते हाडातून सैल व्हायचे. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हाडांच्या टोकांचा आकारच उचलला गेला. वर कोबाल्ट-क्रोमियमचं गुळगुळीत कवच, खाली कूर्चेच्या जागी टणक पॉलिथिलीन.

पण ती रचना खुर्चीवर बसणाऱ्यांची! उकिडवं बसायला सव्वाशे अंशांहून जास्त वाक लागतो. पुण्याचे डॉ. कांतीलाल संचेती यांनी भारतीय रुग्णांची हाडं आणि बैठक लक्षात घेऊन ‘इंडस’ गुडघा घडवला. जास्त वाकणाऱ्या सांध्यांत सहसा कवचाची मागची गोलाई वाढवलेली असते, म्हणजे पाय पुरता दुमडला तरी कड प्लास्टिकमध्ये रुतत नाही.

ऑगस्ट २०१७मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. तेव्हा शस्त्रक्रियेआधी सांध्याचा प्रकार आणि किंमत विचारा. मांडी घालता येईल का, हेही विचारा.