सागाच्या पानाची जाळी करणारा पतंग



भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास चंद्रपूर, गडचिरोली किंवा मेळघाटातील सागवन दुरून पाहिले असता कित्येकदा करपल्यासारखे तांबूस दिसते. झाडांना रोग लागला अशी वार्ता पसरते आणि फवारणीची मागणी ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचते. वस्तुतः हे बहुधा एका लहानशा पतंगाच्या अळीचे काम असते. शास्त्रीय ग्रंथांत हा पतंग पूर्वी युटेक्टोना या वंशात गणला जात असे. आता तो पॅलिगा वंशात घेतला जातो.

त्याची ओळख पटविण्यास भिंगाची गरज नाही. पान उजेडाकडे धरावे. शिरांमधील हिरवा गर तेवढा नाहीसा झालेला आणि बारीकसारीक शिरांची जाळी शाबूत, असे दिसले की शंका उरत नाही. हिरवट रंगाची अळी रेशमी धाग्यांच्या विरळ आच्छादनाखाली बसून जून पानांचा गर खाते. पतंगाचा पंखविस्तार जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर. पुढील पिवळ्या पंखांवर तांबड्या नागमोडी रेघा असतात.

सागावर दुसराही एक पतंग येतो, हायब्लिया प्युएरा. या दोहोंची गल्लत होते आणि तीच महागात पडते. हायब्लियाचे पुढील पंख करड्या-तपकिरी रंगाचे, तर मागील पंख काळसर असून त्यांवर नारिंगी पट्टे असतात. त्याची अळी पानाची कड कापून, दुमडून आत राहते. पावसाच्या आरंभी फुटलेली कोवळी पाने ती ठळक शिरांखेरीज सगळी फस्त करते.

केरळ वन संशोधन संस्थेने निलंबूर येथील ४ ते ९ वर्षे वयाच्या सागलागवडीत केलेला अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. हायब्लियामुळे लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी सुमारे ४४ टक्के वाढ बुडते, असे त्यात आढळले. जाळी करणाऱ्या अळीचा मात्र लक्षणीय परिणाम दिसला नाही. निलंबूरचा पाऊस आणि विदर्भाचा पाऊस एक नव्हे, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे इकडे लावता येणार नाहीत. परंतु कारण उघड आहे. ही अळी वाढते तोवर झाडाची त्या वर्षीची बरीचशी वाढ उरकलेली असते, आणि पाने पुढे गळणारच असतात.

म्हणून मोठ्या सागावर आश्विनात विषारी औषध फवारणे हा बहुतांशी वायफळ खर्च होय. उंच शेंड्यापर्यंत पंप पोहोचत नाही ते वेगळेच! उलट अळ्यांवर जगणाऱ्या परोपजीवी माश्या आणि कोळी त्यात मरतात. सागाखालील झुडपे सरसकट तोडणेही इष्ट नाही. त्यांवरील इतर अळ्यांवर याच माश्यांचा निर्वाह होतो. रोपवाटिकेतील कोवळ्या रोपांची गोष्ट निराळी. तेथे अळीयुक्त पाने वेळीच खुडून नष्ट करावीत.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी अशी पाने कागदात दाबून ठेवावीत व त्यांवर दिनांक, ठिकाण आणि झाडाचे अंदाजे वय लिहावे. आषाढातील पान व आश्विनातील पान शेजारी ठेवले, तर वनरक्षकाला कोणत्या पतंगाचा उपद्रव आहे हे तत्काळ सांगता येईल.