सांगितले, पण पोहोचले का?

(गणेशोत्सवातील विद्यार्थी मार्गदर्शन कार्यक्रमात केलेले भाषण)



दरवर्षी या मांडवात इंजिनिअरिंग आणि मेडिकलवर बोलणारे कोणीतरी असते. यंदा माझे नाव ऐकून शेजारच्या काकूंनी विचारले, "कायदा आणि जनसंवाद? म्हणजे कोर्टात बोलायचे की टीव्हीवर?" प्रश्न रास्त आहे. कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात जनसंवाद हा जोडविषय घेतला, तेव्हा उत्तर मलाही ठाऊक नव्हते.

ते मिळाले चौथ्या वर्षी, इथेच हैदराबादला, कॉलेजच्या विधी साहाय्य केंद्रात. एका किराणा दुकानदाराला मिळालेला चेक वटला नव्हता. मी ऐटीत कलम १३८ समजावले : चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्या, नोटीस पोहोचल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार करा. तो मान डोलावत गेला आणि चाळिसाव्या दिवशी उगवला. "नोटीस तो उसी दिन दे दिया मॅडम, फोन पे बोल दिया ना!"

कायद्यात नोटीस 'लेखी' लागते. मला ते इतके पाठ होते की मी तो शब्द उच्चारलाच नव्हता. नशिबाने चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक होती. तो पुन्हा बँकेत भरला, पुन्हा परत आला, आणि नव्याने नोटीस धाडता आली. तशी मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिली आहे. नाहीतर त्याच्या फौजदारी तक्रारीवर माझ्यामुळे पाणी पडले असते.

जनसंवादाच्या पुस्तकात श्रोत्याच्या प्रतिसादावर एक प्रकरण होते. परीक्षेपुरते वाचलेले ते प्रकरण मी त्या रात्री पुन्हा काढले. तेव्हापासून "समजले का?" असे विचारत नाही, त्याला सगळेच हो म्हणतात. "आता घरी जाऊन काय करणार, ते मला सांगा" असे म्हणते. पण नुसता जनसंवाद शिकले असते, तर सोपे करण्याच्या नादात मी तारखाच गाळल्या असत्या. कुठला शब्द गाळायचा नाही, हे कायद्याने शिकवले.

आणि हा केवळ सौजन्याचा मामला नाही. १९६२ चा 'हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा खटला पाहा. स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली गेली. हरिकिसन यांना इंग्रजी येत नव्हते, त्यांनी ती हिंदीत मागितली. तोंडी भाषांतर करून सांगितले आहे, असे सरकारचे म्हणणे. घटनेच्या अनुच्छेद २२(५) प्रमाणे कारणे 'कळवावी' लागतात. न समजणाऱ्या भाषेतला कागद हातात ठेवणे म्हणजे कळवणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि स्थानबद्धता बेकायदा ठरली. आम्हाला हा खटला घटनेच्या तासाला शिकवला. जनसंवादाच्या तासाला कोणी नावही काढले नाही, याचे मला आजही नवल वाटते.

आपल्या मुलांकडे घरची मराठी, शेजारची तेलुगू, बाजारातली दखनी आणि शाळेतली इंग्रजी असते. या कामाला ते भांडवल फार उपयोगी पडते. पैशांचे म्हणाल, तर पहिली काही वर्षे ओढाताणीची जातात, हे पालकांना आधीच सांगून ठेवते.

त्या दुकानदाराचे पैसे पुढे तडजोडीत, हप्त्याहप्त्याने मिळाले. मी अजून त्याच्याकडूनच वाणसामान घेते. आजच्या प्रसादाचे नारळही तिथलेच आहेत.