वैयावृत्त्य : भगवंताच्या सेवेचा खरा अर्थ



भगवंताची सेवा घडावी, असे प्रत्येक श्रावकास वाटते. परंतु वीतराग अरिहंत स्तुतीने प्रसन्न होत नाहीत आणि निंदेने रुष्ट होत नाहीत. अष्टद्रव्यांपैकी एकाही द्रव्याची त्यांना गरज नाही. मग त्यांची सेवा करायची ती कशी?

आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त याचे उत्तर देऊन ठेवले आहे. चार शिक्षाव्रतांतील शेवटचे व्रत वैयावृत्त्य. संयमी जनांवरील संकट दूर करणे, त्यांचे थकलेले पाय चेपणे. आहार, औषध, उपकरण व निवारा देणे, हे त्याचे स्वरूप. विशेष हे, की जिनपूजेचे विवेचनही आचार्यांनी याच व्रताच्या पोटात केले. पाय चेपणारा हात आणि पूजेचे तबक धरणारा हात त्यांनी एकाच पंक्तीत बसविले.

त्यांनी दिलेली उदाहरणे तर पाहण्याजोगी आहेत. पूजेचा महिमा सांगताना त्यांना आठवला तो राजगृहातील एक बेडूक! तोंडात एक फूल धरून तो महावीरांच्या दर्शनास निघाला आणि वाटेत हत्तीच्या पायाखाली सापडला. फूल पोहोचले नाही. बेडकाला मात्र देवगती लाभली. दानाच्या श्लोकात राजा श्रीषेणाच्या बरोबरीने एक डुक्कर आहे. मुनींचे वाघापासून रक्षण करताना त्याने प्राण वेचल्याची कथा आहे. तेथेच कौंडेशाचे नाव येते. पूर्वजन्मीचा हा गुराखी. झाडाच्या ढोलीत सापडलेले शास्त्र त्याने जपले आणि मुनींच्या हाती दिले.

हा कौंडेश सोलापूरकरांना परका वाटू नये. ब्र. जीवराज गौतमचंद दोशी यांना १९४० साली आपली न्यायोपार्जित संपत्ती धर्मकार्यी लावण्याची प्रबल इच्छा झाली. धनवंत सहसा कोणाला विचारीत नाही. ब्रह्मचारीजी मात्र देशभर हिंडून विद्वानांना विचारीत राहिले. १९४१ च्या उन्हाळ्यात गजपंथ क्षेत्री त्यांनी विद्वानांना एकत्र बोलाविले. त्यातून जैन संस्कृती संरक्षक संघ उभा राहिला. आरंभी तीस हजार रुपये आणि १९४४ मध्ये सुमारे दोन लाखांची सारी संपत्ती त्यांनी संघास अर्पण केली. डॉ. आ. ने. उपाध्ये व डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेल्या ‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग ग्रंथमालेने १९४३ मध्ये काढला, दुसरा १९५१ मध्ये. हस्तलिखितांतील गाथा एकमेकींशी ताडून पाहणे, पाठभेद टिपणे, मुद्रिते तपासणे, ही नजर शिणविणारी कामे. त्यांची मिरवणूक निघत नाही.

येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. अभिषेकाच्या पहिल्या कलशासाठी बोली चढत जाते. त्याच कलशाचे पाणी दुहेरी वस्त्राने गाळून जिवाणी पुन्हा विहिरीत सोडण्यासाठी कोणी बोली लावीत नाही. ते काम पगारी माणसाकडे जाते. बोली नसावी असे नाही, मंदिरे दानावरच उभी राहतात. परंतु गालनाचे वस्त्र कोठे वाळत घातलेले असते, हे कलश ढाळणाऱ्यास ठाऊक असावयास काय हरकत आहे? घरी अंथरुणास खिळलेल्या वृद्धाला कुशीवर कोण वळविते, हेही त्याने एकदा पाहावे. बहुधा ती घरातील सूनच असते, आणि तिला मंदिरात यायला उशीर होतो म्हणून चार शब्द ऐकावे लागतात.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, श्रुतपंचमीला, शास्त्रे बाहेर काढून झटकण्याची व नवी वेष्टने बांधण्याची आपली जुनी प्रथा आहे. येत्या श्रुतपंचमीस विश्वस्तांसह सर्वांनी सकाळीच यावे, येताना घरून एक स्वच्छ फडके आणावे.