बालसंग्रहालय आणि आपली कुटुंबे
(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांच्या कलाशिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत, असे मंडळाने आम्हास सुचविले. विषय मोठा आहे. त्यातील एकाच अंगाविषयी आज आम्ही बोलणार आहोत. ते अंग म्हणजे बालसंग्रहालय, आणि तेथे आईवडील, आजी-आजोबा व मुले यांनी एकत्र बसून करावयाचे कलेचे उपक्रम होत. मुलांची फी, क्लास आणि पुढची नोकरी यांची चिंता असताना हे संग्रहालय मध्येच कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

संग्रहालय म्हटले की आपल्यासमोर काचेची कपाटे येतात, 'हात लावू नये' अशी पाटी येते आणि रांगेने पुढे सरकणारी शाळेची मुले येतात. मुलांसाठीचे संग्रहालय या कल्पनेचा उगम मात्र याच्या अगदी उलट विचारातून झाला. जगातील पहिले बालसंग्रहालय १८९९ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे सुरू झाले. १९०२ साली ॲना बिलिंग्ज गॅलप ही महिला तेथे रुजू झाली व १९३७ पर्यंत तिने त्या संस्थेची सेवा केली. ही सारी जागा आपल्यासाठीच आहे असे मुलाला वाटले पाहिजे, हे तिच्या कामाचे सूत्र होते.

१९१३ साली बॉस्टन येथे विज्ञान शिक्षकांच्या पुढाकारातून असेच संग्रहालय उभे राहिले. १९६२ साली मायकेल स्पॉक तेथे संचालक झाले. बालसंगोपनावरील पुस्तकामुळे जगभर ठाऊक असलेल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे हे चिरंजीव. लहानपणी यांना स्वतःला वाचन फार अवघड जात असे. पुस्तकातून जे साधत नाही ते वस्तू हाताळून साधते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्यांनी कपाटे बाजूला सारली आणि रोजच्या वापरातील वस्तू कापून, उघडून त्यांच्या आत काय असते हे मुलांना दाखविणारे प्रदर्शन मांडले. याच संग्रहालयाला १९७९ साली जपानमधील क्योटो शहराने एका रेशीम व्यापाऱ्याचे जुने लाकडी घर भेट दिले. ते सुटे करून आणण्यात आले आणि जपानी सुतारांनी ते पुन्हा उभे केले. आजही तेथे येणारी कुटुंबे उंबऱ्याशी पादत्राणे काढून आत जातात. एका परक्या समाजाची राहणी मुलाला अशी पायांनी कळते.

आपल्या देशातही हा विचार रुजला. पंडित नेहरूंच्या प्रेरणेने १९५६ साली दिल्लीत बालभवन स्थापन झाले. व्यंगचित्रकार शंकर यांनी जमविलेल्या देशोदेशीच्या बाहुल्यांचे संग्रहालय १९६५ साली दिल्लीतच सुरू झाले. मुंबईचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून जी वास्तू आपण ओळखतो, ती १९१४ साली बांधून पूर्ण झाली होती. परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात ती लष्करी रुग्णालय व बालकल्याण केंद्र म्हणून वापरली गेली, आणि संग्रहालय १९२२ साली लोकांसाठी खुले झाले. त्याच आवारात २०१९ साली मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय सुरू झाले. कोणत्या वस्तू मांडाव्यात हे ठरविण्यात मुलांनाच अभिरक्षक म्हणून सहभागी करून घेण्यात आले, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. त्याआधी २०१५ पासून या संस्थेची फिरती बस शाळांपर्यंत आणि गावांपर्यंत वस्तू घेऊन जाऊ लागली होती.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. अशा ठिकाणी कुटुंबांसाठी जे उपक्रम होतात त्यांचे स्वरूप साधे असते. मातीकाम, ठसेकाम, कागदाच्या घड्या, बाहुल्यांचा खेळ, विणकाम, गोष्ट सांगणे. आधी दालनातील एखादी वस्तू नीट पाहायची आणि नंतर तिच्यावरून काहीतरी स्वतः करायचे. यातील महत्त्वाची अट अशी, की मोठ्या माणसांनीही खाली बसून हात मळवायचे. आम्ही अनेक ठिकाणी पालकांना पाहिले आहे. काहीजण भिंतीशी उभे राहून मोबाइलवर फोटो काढतात. काहीजण मुलाच्या हातातली पेन्सिल घेऊन चित्र स्वतःच 'नीट' करून देतात. दोन्ही प्रकारांत मुलाचा तोटा होतो. पहिल्यात त्याला सोबत मिळत नाही आणि दुसऱ्यात त्याचे काम त्याचे राहत नाही. वडिलांनी आपला मातीचा बैल वेगळा करावा, मुलाने आपला करावा, आणि मग दोघांनी एकमेकांना विचारावे की शिंगे कशी जोडलीस.

बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीत याला आणखी एक अर्थ आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात आज शिकणारी पिढी ही पहिली नाही तर दुसरी आहे. मुलगा पाचवी-सहावीत गेला की वाचण्यालिहिण्यात आईच्या पुढे जातो. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्याबरोबर दुसरी एक गोष्ट नकळत घडते. 'आम्हाला काय कळतंय त्यातलं, तुझं तू बघ,' असे म्हणून आई मागे सरते. मुलगाही हळूहळू समजू लागतो की आईला काही येत नाही, ज्ञान म्हणजे जे शाळेत आणि पुस्तकात असते तेच. एकाच घरात दोन माणसांमध्ये अशी भिंत उभी राहते आणि ती कोणी मुद्दाम बांधलेली नसते. आम्हाला या भिंतीची चिंता वाटते. परीक्षेतील गुण पुढच्या वर्षी वाढविता येतात. आईविषयीचा आदर एकदा उणा झाला की तो भरून काढणे सोपे नसते.

हाताच्या कामात ही भिंत खाली येते. गेल्या उन्हाळी सुट्टीत आपल्याच सभागृहात आपण एक छोटा प्रयोग केला, तो अनेकांना आठवत असेल. प्रत्येक कुटुंबाने घरातील एक जुनी, हाताने केलेली वस्तू आणायची होती. कोणी टोपली आणली, कोणी लाकडी काठवट आणली. एका आजींनी गोधडी आणली, पण ती पिशवीतून बाहेर काढीनात. 'ही तर घरातली वाकळ, हिच्यात दाखवण्यासारखं काय?' असे त्यांचे म्हणणे. शेवटी नातवाने ती जमिनीवर पसरली. मुलांनी विचारले, एवढे टाके सरळ कसे आले? आजींनी सुई मागितली आणि धावदोरा घालून दाखविला. कडेकडेने सुरुवात करून मध्याकडे कसे यायचे, कोणत्या लुगड्याचा तुकडा कोठे बसविला, हे त्या सांगू लागल्या. सातवीतला तो नातू पुढचा तासभर हललाही नाही. त्याने घातलेले टाके वाकडे होते, आजींनी ते उसवले नाहीत.

नंतर प्रत्येक वस्तूसाठी माहितीपट्टी लिहायची होती. वस्तूचे नाव, कशापासून केली, कोठे केली, कोणी केली. या शेवटच्या ओळीपाशी आम्ही थोडे थांबतो. मुंबईच्या संग्रहालयात सिंधमधील मीरपूरखास येथील स्तूपाच्या भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती आहेत. १९०९-१० च्या उत्खननात त्या सापडल्या आणि साधारण पाचव्या-सहाव्या शतकातील मानल्या जातात. ज्या मातीत आपली मुले आज हात घालतात तशाच मातीतून कोणाच्या तरी बोटांनी तो शांत चेहरा घडविला. त्या माणसाचे नाव आपल्याला मिळत नाही. संग्रहालयातील असंख्य मडकी, दिवे, वस्त्रे, दागिने यांच्या कर्त्यांचीही हीच कथा आहे. हातांनी घडविणाऱ्यांची नावे लिहून ठेवण्याची रीत नव्हती. आपल्या सभागृहातील त्या गोधडीच्या पट्टीवर मात्र नातवाने आजीचे पूर्ण नाव लिहिले. आजींना वाचता येत नाही, त्याने ते त्यांना वाचून दाखविले.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे पटेल. दिनकर केळकर यांनी आपला मुलगा राजा लहानपणीच गेल्यानंतर त्याच्या स्मृतीसाठी हा संग्रह उभा केला. त्यात अडकित्ते आहेत, दिवे आहेत, स्वयंपाकघरातील भांडी आहेत, म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या वस्तू रोज हाताळल्या त्या जातीच्या वस्तू आहेत. अशा दालनात आजी सोबत असेल तर पट्टीवर नसलेली माहिती मुलाला मिळते.

तेव्हा मंडळापुढे आमच्या काही सूचना आहेत.

१) सहलीला केवळ विद्यार्थी न नेता कुटुंबे न्यावीत. एका वेळी पाच-सहा कुटुंबे पुरेत. आजी-आजोबांना आग्रहाने न्यावे. काहींना अशा मोठ्या इमारतीत शिरताना अजून संकोच वाटतो, 'आपल्याला आत जाऊ देतील ना?' असे ते विचारतात. सोबत चार ओळखीची माणसे असली की हा संकोच जातो.

२) संग्रहालयाच्या शिक्षण विभागाला आधी पत्र लिहून गटासाठी सवलत व कार्यशाळेची वेळ विचारावी.

३) सारे संग्रहालय एका दिवसात पाहू नये. एक दालन आणि तीन वस्तू एवढेच ठरवावे. प्रत्येक वस्तूपाशी चार प्रश्न विचारावेत: ही कशाची आहे? कोणी व कशी केली असेल? कोण वापरत असेल? आज तिच्या जागी आपण काय वापरतो?

४) परत आल्यावर पुढच्या रविवारी सभागृहात एकत्र बसून काहीतरी करावे. कुंभाराकडची माती, जुनी वर्तमानपत्रे, भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे, साड्यांचे तुकडे यांना फारसा खर्च येत नाही. यात स्पर्धा नसावी, बक्षीस नसावे.

५) वर्षातून एकदा घराघरांतील वस्तूंचे प्रदर्शन भरवावे. पट्ट्या मुलांनीच लिहाव्यात आणि पाहुण्यांना माहितीही त्यांनीच सांगावी.

याने मुलांचे गुण वाढतील असा दावा आम्ही करीत नाही. पण चार अनोळखी माणसांसमोर उभे राहून एका वस्तूविषयी नीट बोलता येणे, न कळलेले न लाजता विचारणे, आणि आपल्या घरातही शिकण्यासारखे बरेच काही आहे हे जाणणे, या गोष्टी त्याला मुलाखतीच्या खोलीतही उपयोगी पडतील.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक काम सांगतो. आज घरी गेल्यावर आई, वडील, आजी, आजोबा यांपैकी एकाला विचारा, की तुमच्या हातांना असे काय येते जे मला येत नाही. जे उत्तर मिळेल ते वहीत लिहा, शेजारी त्यांचे पूर्ण नाव लिहा, आणि पुढच्या रविवारी ती वही घेऊन सभागृहात या.