नोंद एकदाच, पण खरी



संघटनेचे बळ समन्वयात असते, हे शाखेत घडलेल्या कार्यकर्त्याला वेगळे सांगावे लागत नाही. उद्योगालाही तोच नियम लागू पडतो. 'ईआरपी', म्हणजे उद्योगातील सर्व विभागांना एका सूत्रात गुंफणारी संगणकप्रणाली, हे त्या समन्वयाचेच साधन होय.

कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीचे उदाहरण घ्यावे. पंपाच्या ५०० कास्टिंगची ऑर्डर येते. विक्री विभाग ती आपल्या वहीत लिहितो, स्टोअरची वही निराळी आणि हिशोबनिसाची तिसरीच. महिनाअखेर तिन्ही वह्या तीन गोष्टी सांगतात. पडून असलेलाच माल पुन्हा खरेदी होतो आणि हवा असलेला मिळत नाही. बँकेचे व्याज मात्र चालूच राहते आणि ग्राहकाला दिलेली तारीख टळते.

प्रणालीत ऑर्डरची नोंद एकदाच होते. एका नगाला किती कच्चा माल लागतो हे आधीच भरलेले असल्याने ५०० नगांची गरज तत्काळ निघते. ती शिलकेशी ताडून कमी पडेल तेवढीच खरेदी सुचविली जाते. खरेदीची ऑर्डर, प्रत्यक्ष आलेला माल आणि पुरवठादाराचे बिल ही तिन्ही जुळली की मगच रक्कम चुकती करायची, अशी व्यवस्था तीत लावता येते. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराचा हिशोबही याच नोंदींतून तयार होतो.

परंतु प्रणाली विकत घेतली म्हणजे शिस्त विकत मिळाली, असे नव्हे. अमेरिकेतील हर्शी या विख्यात चॉकलेट कंपनीने ४८ महिन्यांचे काम ३० महिन्यांत उरकण्याचा अट्टहास केला आणि जुलै १९९९ मध्ये, हॅलोविनच्या हंगामाच्या तोंडावर, सुमारे ११ कोटी डॉलर खर्चाची नवी व्यवस्था सुरू केली. गोदामात माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर पुरविता आल्या नाहीत. घाई आणि अपुरी चाचणी यांची ती किंमत होती.

लहान कारखान्यांपुढचा अडसर याहून निराळा, आणि अधिक अवघड आहे. जेथे कच्ची आणि पक्की अशा दोन वह्या चालतात, काही माल बिलाविना चिठ्ठीवर बाहेर पडतो, तेथे संगणकातील शिल्लक आणि प्रत्यक्ष शिल्लक कधीच जुळणार नाही. वहीतील चूक त्या वहीपुरती राहत असे. प्रणालीतील खोटी नोंद मात्र क्षणात खरेदी, उत्पादन व हिशोब या सर्वांना चुकीच्या वाटेने नेते.

साधन परदेशी व महाग असते, ही सबबही आता टिकत नाही. बंगळूरच्या टॅलीने १९८६ पासून देशातील असंख्य दुकाने व कारखान्यांचे हिशोब संगणकावर आणले. मुंबईतील फ्रॅपे कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली तर मुक्त स्रोत आहे. तिची संहिता कोणालाही पाहता, वापरता आणि गरजेनुसार बदलता येते.

स्वदेशी साधन हाताशी आहे. त्यात भरावयाची नोंद खरी असली पाहिजे, आणि ती जबाबदारी कोणत्याही यंत्रावर सोपविता येत नाही. मालकाने चिठ्ठीवरचा पहिला व्यवहार नाकारला, की त्या कारखान्यात ही प्रणाली खऱ्या अर्थाने सुरू झाली, असे समजावे.