दोन रांगांमधली वाट

सिग्नल लाल झाला की आपल्याकडे काय होतं, हे मी सांगायला नको. मोटारी थांबतात आणि त्यांच्या मधल्या फटींतून दुचाक्या एकामागून एक सरकत थेट झेब्रा पट्ट्यांवर येऊन उभ्या राहतात. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं आपल्याला वाटतही नाही. कॅलिफोर्नियात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याचा मध्यंतरी फोन आला. म्हणाला, "मामा, इथंही मधून जाता येतं! पोलिसाच्या गाडीशेजारून गेलो, तो काही बोलला नाही." आता त्याची बदली शेजारच्या नेव्हाडा राज्यात होणार होती आणि मोटारसायकल तो बरोबर नेणार होता. तिकडेही चालेल ना, एवढंच त्याला विचारायचं होतं.

उत्तर होतं, नाही चालणार. दोन लेनच्या मधून मोटारसायकल नेण्याला नेव्हाडाच्या कायद्यात स्पष्ट मनाई आहे. रस्ता तोच, गाडी तीच. राज्याची हद्द ओलांडली की तोच प्रकार गुन्हा ठरतो.

या प्रकाराला इंग्रजीत दोन नावं आहेत. वाहनं थांबलेली किंवा अगदी मंद असताना हळूच पुढे जाणं म्हणजे लेन फिल्टरिंग. चालत्या वाहनांच्या रांगांमधून जाणं म्हणजे लेन स्प्लिटिंग. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण बऱ्याच देशांचा कायदा नेमका इथंच दुभंगतो.

कॅलिफोर्नियात हे पूर्वापार चालत आलं होतं. कायद्यात परवानगी नव्हती, तशी बंदीही नव्हती. २०१६ साली तिथल्या विधिमंडळानं कायदा करून या प्रकाराची व्याख्या केली आणि तो १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला. विधेयकाच्या आधीच्या मसुद्यात वेगाची मर्यादा होती, ती पुढे गळाली. सुरक्षिततेच्या सूचना तयार करण्याचं काम महामार्ग पोलिसांकडे आलं. वेग आणि वेगातला फरक वाढला की धोका वाढतो, मोठ्या वाहनांजवळून असं जाऊ नका, हा त्या सूचनांचा गाभा.

नंतर आलेल्या राज्यांनी मात्र आकडे लिहूनच परवानगी दिली. युटानं २०१९ मध्ये सांगितलं, की रस्त्याची वेगमर्यादा ताशी ४५ मैलांपर्यंत हवी, पुढची वाहनं पूर्ण थांबलेली हवीत आणि तुमचा वेग १५ मैलांवर, म्हणजे साधारण २४ किलोमीटरवर जाता कामा नये. ॲरिझोनानं २०२२ मध्ये जवळपास हेच केलं, कोलोरॅडोनं २०२४ मध्ये. मिनेसोटात १ जुलै २०२५ पासून चालत्या वाहनांमधूनही जाता येतं, पण २५ मैलांच्या आत आणि इतरांपेक्षा १५ मैलांहून अधिक वेगानं नाही.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सनं १ जुलै २०१४ पासून फिल्टरिंगला मुभा दिली. त्याआधी सिडनीच्या मध्यवस्तीत त्याची चाचणी घेतली होती. वेग ताशी ३० किलोमीटरपर्यंत; शिकाऊ किंवा तात्पुरत्या परवान्यावर असाल तर मुळीच नाही; शाळेच्या वेळेत शाळेजवळच्या पट्ट्यात नाही; आणि फुटपाथच्या कडेला उभ्या मोटारींलगतच्या फटीतूनही नाही. आपल्याकडे अगदी याच फटीतून जाण्याची सवय आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

युरोपात तर एका देशाचं दुसऱ्याला पटत नाही. बेल्जियममध्ये सप्टेंबर २०११ पासून परवानगी आहे. वेग ५० किलोमीटरच्या आत आणि शेजारच्या वाहनांपेक्षा फार तर २० किलोमीटर जास्त. शेजारच्या जर्मनीत मात्र महामार्गावर वाहनं खोळंबली असली तरी मोटारसायकलवाल्यानं रांगेतच उभं राहायचं. मध्ये मोकळी ठेवलेली वाट रुग्णवाहिकेसाठी असते, आपल्यासाठी नव्हे.

फ्रान्सची कथा या सगळ्यांत बोलकी आहे. १ फेब्रुवारी २०१६ पासून त्यांनी अकरा जिल्ह्यांत प्रयोग केला. पाच वर्षं पाहिलं, तर त्या भागातले अपघात घटले नव्हते, उलट वाढले होते. २०२१ च्या जानेवारीअखेर प्रयोग थांबला आणि मधून जाणं पुन्हा बेकायदा झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एकवीस जिल्ह्यांत नव्यानं प्रयोग सुरू केला आणि जानेवारी २०२५ मध्ये ते अखेर देशभर कायदेशीर झालं. पण अटी पाहा. मध्ये दुभाजक हवा, एका दिशेला निदान दोन लेन हव्यात, वाहनांची गर्दी खोळंबलेली हवी आणि जायचं ते सगळ्यांत डावीकडच्या दोन लेनच्या मधूनच. तिकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळे डावीकडची लेन वेगवान वाहनांची. वेग ५० च्या आत, आणि एखादी रांग पूर्ण थांबली असेल तर ३० च्या आत.

सगळ्यांचं घोडं वेगाच्या आकड्यावरच का अडतं? साधा हिशेब करू. ताशी २४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेसात मीटर. ताशी ५० म्हणजे सेकंदाला चौदा मीटर. कुणी अचानक दार उघडलं किंवा लेन बदलली, तर ते पाहून ब्रेकवर बोटं जायला सेकंदभर जातोच. तेवढ्यात पहिला स्वार दीड मोटारीइतकं अंतर जातो, दुसरा तीन मोटारींहून जास्त. बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जवळपास सहा हजार मोटारसायकल अपघातांचा अभ्यास मांडला. वेगातला फरक १५ मैलांपुढे गेला की दुखापती वाढतात, असं त्यांना दिसलं. मधून जाणाऱ्यांना मागून धडक बसण्याचं प्रमाण मात्र कमी होतं. थांबलेल्या रांगेच्या शेपटाला उभा राहिलेला स्वार मागून येणाऱ्या मोटारीच्या तोंडी सापडतो. परवानगीच्या बाजूनं हाच मुद्दा मांडला जातो आणि त्यात तथ्य आहे.

आता खरी मेख. कायद्यानं जाऊ दिलं म्हणजे अपघातात आपण निर्दोष ठरलो, असं होत नाही. ब्रिटनमध्ये फिल्टरिंगला बंदी नाही. तिथल्या हायवे कोडमध्ये सावकाश आणि जपून जा, एवढी सूचना आहे. तरी १९६६ च्या एका खटल्यात, थांबलेल्या रांगेला ओलांडून जाणाऱ्या मोटारसायकलस्वारावर न्यायालयानं ऐंशी टक्के दोष ठेवला. रांगेतल्या मोकळ्या जागेतून बाजूच्या रस्त्यावरची मोटार बाहेर आली होती. म्हणजे भरपाईतला पाचवा हिस्साच त्याच्या पदरात. २००६ च्या दुसऱ्या खटल्यात रांगेतल्या मोटारचालकानं एकदम यू-टर्न घेतला. तिथं सगळा दोष मोटारचालकाचा ठरला. स्वार कुठं होता, किती वेगात होता, समोरच्याला तो दिसू शकत होता का, हे दर वेळी नव्यानं पाहिलं जातं.

म्हणून परदेशी शिकायला, नोकरीला जाणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना माझं सांगणं आहे. तिथं पोहोचल्यावर मोटारसायकल घेण्याआधी त्या राज्याचा नियम वाचा. देशाचा वाचून भागत नाही. आपला परवाना कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा. दुसरा कुणी मधून गेला म्हणून आपणही गेलो, हे कारण न्यायालयात टिकत नाही आणि विमा कंपनीपुढेही टिकत नाही.

माझा भाचा आता नेव्हाडात रांगेत उभा राहतो. परवा म्हणाला, "मामा, कंटाळा येतो." मी म्हटलं, "येऊ दे. आरशात मागे बघत उभा राहा, म्हणजे झालं."